नागपुरात ना समुद्र ना घाट: किनारा ते डोंगर अशा ट्रेल शर्यतीची तयारी कशी करू?

अंबाझरी_पहाट

नमस्कार मंडळी,

काल मारबतीची मिरवणूक झाली, आणि आज सकाळी मी पुन्हा त्याच शर्यतीचा अर्ज भरला. डिसेंबरचा शेवटचा रविवार, कोकण, ३२ किलोमीटर. हातात पंधरा आठवडे आहेत, म्हणून लगेच लिहायला बसले.

आधी माझ्याबद्दल. वय ४४, प्राथमिक शाळेत शिक्षिका, राहते गोपाल नगरात. सहा वर्षं झाली धावतेय. अंबाझरीवरून निघायचं, फुटाळ्यापर्यंत जायचं आणि परत, हा माझा रोजचा रस्ता. रस्त्यावरच्या चार हाफ मॅरेथॉन झाल्यात, सगळ्यात चांगली वेळ २ तास १९ मिनिटं. वेग कमी आहे, पण खंड नाही. मे महिन्यात दुपारी ४५ अंश होतात त्या दिवसांतही पहाटे साडेचारला बाहेर पडते, त्यामुळे उन्हाची भीती वाटत नाही.

गेल्या वर्षी मी हीच शर्यत १९व्या किलोमीटरला सोडली. खरं तर सोडावी लागली. तिथल्या चेकपॉइंटची मुदत ४ तास १५ मिनिटांची होती, मी पोचले ४ तास २६ मिनिटांनी. अकरा मिनिटं. स्वयंसेवक मुलाने माझा नंबर लिहून घेतला, "मावशी, गाडी येतेय," म्हणाला, आणि मी टेम्पोत मागे बसून परत आले. नियम नियम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ती अकरा मिनिटं मी वर्षभर मोजतेय.

घड्याळातली नोंद अजून ठेवली आहे. पहिले ७ किलोमीटर समुद्रकिनारा, त्याला १ तास ५ मिनिटं लागली. वाळू इतकी भुसभुशीत होती की पाय घोट्यापर्यंत आत जायचा. मग गावातून पाखाडीने, म्हणजे दगडी पायवाटेने वर आणि पुढे डोंगराची वाट, ५ किलोमीटर, १ तास ४० मिनिटं. त्यानंतर सड्यावरचे, म्हणजे वरच्या कातळपठारावरचे, सपाट ३ किलोमीटर अर्ध्या तासात झाले. पुढे ४ किलोमीटरचा उतार, त्याला १ तास १ मिनिट. उरलेली दहा मिनिटं पाणी भरण्यात आणि बुटातली वाळू झटकण्यात गेली.

त्या सड्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. वर पोचले तेव्हा ऊन नुकतंच चढत होतं. वाळलेलं सोनेरी गवत, खाली जांभा दगड, आणि गवताच्या टोकाला एकदम समुद्र. मी समुद्र आधी तीन-चारदाच पाहिलाय, तोही किनाऱ्यावर उभं राहून. असा उंचावरून कधीच नाही. मी थांबले नाही, पण पाय आपोआप हळू झाले. तिथून पुढची वाट दुसऱ्या डोंगरावर जाते आणि शेवटी खाडीच्या कडेने परत समुद्राला मिळते, असं नकाशात आहे. ते १३ किलोमीटर मी पाहिलेच नाहीत. मला ते पाहायचे आहेत, म्हणून हा सगळा खटाटोप.

आता अडचणी. आपल्याकडे चढ नाही. सेमिनरी हिल्सच्या एका फेरीत माझं घड्याळ जेमतेम ३०-३५ मीटर चढ दाखवतं. आमच्या इमारतीला सात मजले आहेत, तिथे जिने चढते, पण शेजाऱ्यांना पहाटे आवाजाचा त्रास होतो. वाळूवर सराव कुठे करायचा हेच कळत नाही. कोकणातल्या दमट हवेत नवव्या-दहाव्या किलोमीटरलाच माझा टीशर्ट पिळता येईल इतका भिजला होता, डोकं जड झालं होतं. आणि एक गोष्ट स्पष्टच लिहिते: पहाटे अंधारात सेमिनरी हिल्सच्या आतल्या वाटांवर मी एकटी जाऊ शकत नाही. घरच्यांचा विरोध नाही, माझंच मन धजत नाही.

रामटेकला जाऊ का? चिखलदऱ्याला दोन-तीनदा जाऊन यावं का? सुट्ट्या मोजक्याच आहेत, त्या कुठे खर्च करू ते सांगा.

विदर्भाचा_पायी

ताई, नमस्कार. मी ५८चा आहे, नागपुरातच राहतो. पुण्याजवळची सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्रा ५३ किलोमीटरची केली आहे. पहिल्या वेळी माझंही तुमच्यासारखंच झालं होतं.

तुमचे आकडे मी कागदावर मांडून पाहिले. तुम्ही चढ शोधून राहिल्या, पण तुमचा वेळ चढावर गेलाच नाही न! चढावर १ तास ४० मिनिटं ही तुमच्या वेगाच्या माणसाला ठीक वेळ आहे. गेला तो उतारावर. ४ किलोमीटर उतरायला ६१ मिनिटं म्हणजे किलोमीटरला पंधरा मिनिटांच्या वर. सपाट सड्यावर तुम्ही दहा मिनिटांनी गेल्या. उतारावर सड्याइतकं नाही, बारा मिनिटांनी जरी गेल्या असत्या तरी तेरा मिनिटं वाचत होती, आणि तुम्ही मुदतीच्या आत होत्या.

आपल्याकडच्या माणसाचं हे नेहमीचंच. जिना चढून, पूल चढून दम कमावता येतो. उतरायची सवय मात्र कुठेच होत नाही, कारण लिफ्टने खाली येतो. मग डोंगरावर शरीर मागे झुकतं, टाच आधी पडते, प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो. दोन किलोमीटरात मांड्या थरथरायला लागतात आणि पुढचं सगळं चालत.

म्हणून चिखलदऱ्याच्या तीन फेऱ्या करू नका. एक करा, नोव्हेंबरच्या मध्यात, दोन दिवस राहून. ते १,१०० मीटरच्या वर आहे, तिथल्या थंडीचा तुम्हाला कोकणात काही उपयोग नाही, पण लांब उतार मिळेल. बाकी सगळं सेमिनरी हिल्सवर होते. तीस मीटरचा उतार छोटा आहे हे खरं, पण बारा वेळा उतरलं तर ३६० मीटर झाले. चढताना चाला, दम खाऊ द्या. उतरताना धावा. पावलं लहान, भराभर. नजर पायाशी नको, तीन-चार मीटर पुढे. हात जरा पसरलेले, तारेवरच्या माणसासारखे. अंग मागे टाकू नका, उताराला अंग देऊन द्या. पहिले तीन आठवडे सहा फेऱ्या, मग वाढवा.

रामटेकबद्दल: अंबाळा तलावाकडून गडावर जाणाऱ्या पायऱ्या चढायला उत्तम आहेत, पण आत्ता पावसाळ्यात त्या उतरू नका. जुना दगड, त्यावर शेवाळ, त्यात भाविक आणि माकडं. ऑक्टोबरनंतर जा. पायऱ्यांनी चढा आणि गाडीच्या रस्त्याने धावत उतरा, पुन्हा पायऱ्यांनी चढा. तीन खेपांत पाय बोलायला लागतील.

अजून एक. आपल्याकडच्या बायका उताराला घाबरतात असं कोणी म्हटलं तर मला राग येते. माझी आई साठीत नागद्वारला गेली, साध्या चपलेवर. पचमढीच्या त्या वाटांवर श्रावणात पावसात विदर्भातल्या हजारो बाया चढतात-उतरतात. चौरागडच्या पायऱ्या खांद्यावर त्रिशूळ घेऊन चढतात. तुमच्या पायांत ते आहे, फक्त सवय तुटली आहे.

सड्यावरचा

ताई, मी रत्नागिरी जिल्ह्यातला, तुम्ही पाहिलात तसल्याच सड्यावर गुरं राखत मोठा झालो. सड्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून बरं वाटलं.

वाळूसाठी सराव कमी आणि पंचांग जास्त लागतं. आमच्याकडे जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात. म्हणजे तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. तीन वाजता भरती, मग सहा तासांच्या थोडं वर ओहोटी, पुन्हा तितक्याच वेळाने भरती. शुद्ध असो की वद्य, गणित तेच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण धावणाऱ्याला तेवढं पुरतं.

भरती पूर्ण असली की पळायला उरते ती वरची कोरडी वाळू, तीच तुमचा घोटा गिळते. पाणी उतरत असलं की मागे ओली, घट्ट वाळू राहते, तिच्यावर बैलगाडीसुद्धा जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढचे दोन-तीन दिवस उधाणाचे, तेव्हा पाणी लांबवर मागे जातं आणि पट्टा रुंद मिळतो. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. तुमच्या शर्यतीची तिथी बघा, गेल्या वर्षीचीही बघा.

ओल्या वाळूवर धावताना एक सांभाळा. किनारा समुद्राकडे कललेला असतो. सात किलोमीटर एकाच बाजूला कललेल्या जमिनीवर धावलात तर एका पायाचा गुडघा बाहेरून धरतो. जमेल तिथे पाण्याच्या अगदी जवळ जा, तिथे कल कमी असतो. बूट भिजले तरी चालतील, पण किनारा संपला की दोन मिनिटं काढून बूट उपडे करा, मोजे बदला. ओल्या मोज्यातली वाळू डोंगरावर सालपटं काढते. जास्तीची जोडी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

वाटेत खडक लागले तर काळ्या, हिरवट दगडांवर पाय देऊ नका, तिथे शेवाळ असतं. आणि हात टेकताना बघून टेका. कालवं चिकटलेली असतात, त्यांची कड ब्लेडसारखी कापते.

उताराबद्दल वरच्या काकांनी लिहिलंय ते बरोबर आहे. आमच्याकडचा फरक एवढाच की डिसेंबरात वाट कोरडी पडते आणि जांभ्याची बारीक खडी मोकळी होते. मोहरीवर पाय दिल्यासारखी सरकते. वाटेच्या मधोमध गुळगुळीत झालेलं असेल तर कडेच्या गवतावरून उतरा. बूट ट्रेलचेच हवेत, तळवा खोल नक्षीचा. रस्त्याचे बूट घालून आलात तर सगळा सराव वाया.

फिजिओ_धरमपेठ

मी फिजिओथेरपिस्ट आहे, धावणाऱ्यांचे गुडघे रोज पाहते. थोडं विज्ञान आणि थोडा सल्ला.

उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो. चढताना तो आखडून जोर लावतो. ताणाखालच्या या कामात स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना रडू येतं. पण चांगली बाजू अशी की एकदा हा त्रास होऊन गेला की तोच उतार पुढच्या वेळी खूप कमी दुखवतो, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणून उताराचा शेवटचा मोठा सराव शर्यतीच्या दोन ते तीन आठवडे आधी करा. शेवटच्या आठवड्यात नाही.

घरी करायला एकच व्यायाम सांगते, तोच मन लावून करा. जिन्याच्या खालच्या पायरीवर एका पायावर उभ्या राहा, दुसरा पाय पुढे हवेत. तीन आकडे मोजत उभ्या पायाचा गुडघा वाकवा, पुढच्या पायाची टाच जमिनीला टेकेपर्यंत सावकाश खाली या. गुडघा आत झुकू देऊ नका, आरशात बघा. दोन्ही पायांवर दहा-दहा, तीन वेळा, आठवड्यातून तीन दिवस. शेजाऱ्यांनाही आवाज नाही.

आता दमट हवेबद्दल, कारण इथे नागपूरकर हमखास फसतो. आपलं ऊन कोरडं असतं, घाम उडतो आणि अंग थंड होतं. कोकणात हवेतच इतकी वाफ असते की घाम नुसता ओघळतो, उडत नाही. तुम्ही मे महिन्यात धावता म्हणून कोकण जमेल असं नाही. उलट तुम्हाला खरा सराव आत्ता मिळतोय, भाद्रपदाच्या या उमसमध्ये. मात्र शरीराची ही सवय दोन-तीन आठवड्यांत उतरते. डिसेंबरात तुम्ही दहा-बारा अंशांत स्वेटर घालून धावत असाल आणि तिथे दहा वाजता ३० अंश असेल. म्हणून शेवटचे दोन आठवडे पहाटे धावणं बंद करा, दुपारी दोनला धावा, अंगात एक जादा लांब बाह्यांचा टीशर्ट घालून, पाऊण तास, सोप्या वेगाने. चक्कर, मळमळ किंवा शहारे आले तर लगेच थांबा, सावलीत बसा.

पाणी तहानेनुसार प्या, पण नुसतं पाणी लिटरवारी नको. साध्या पाण्याच्या अतिरेकाने रक्तातलं सोडियम खाली येतं, त्यातही डोकं जड होतं आणि मळमळतं. लिंबू, मीठ, साखर घालून घ्या. तिथे कोकम मिळालं तर तेही मीठ घालून. आणि शर्यतीच्या सकाळी आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेऊ नका. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ती मूत्रपिंडावर ताण आणते. हे मी प्रत्येकाला सांगते, कारण प्रत्येकाच्या पाऊचमध्ये ती असतेच.

तुमच्या अंगठ्यांची नखं काळी झाली होती का? झाली असतील तर बूट अर्धा नंबर मोठा घ्या आणि उताराआधी घोट्याजवळची लेस घट्ट करा.

अंबाझरी_पहाट

तुम्हा तिघांचं उत्तर वहीत उतरवून घेतलं. नखं काळी झाली होती, दोन्ही अंगठ्यांची. एक तर मार्चपर्यंत गळत होतं. आणि गोळी माझ्या पाऊचमध्येही होती, घेतली होती. परत घेणार नाही.

सड्यावरच्या दादांचं वाचून कॅलेंडर काढलं. गेल्या वर्षी शर्यतीच्या दिवशी शुद्ध अष्टमी होती. आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सुरुवात साडेपाचची. म्हणजे आम्ही ऐन भरतीत पळत होतो! मी वर्षभर समजत होते की माझ्या पायांतच जोर नाही. यंदा वद्य तृतीया. तीन त्रिक नऊ, भागिले चार, सव्वादोन. रात्री सव्वादोनला भरती, साडेपाचला पाणी निम्मं उतरलेलं, आणि पौर्णिमा नुकतीच झालेली. बरोबर आहे ना गणित? शाळेत मुलांना पाऊणकी शिकवते, तिचा असा उपयोग मला कोणी कधी सांगितला नव्हता. सोमवारी चौथीच्या वर्गात हेच उदाहरण घेणार आहे.

वाळूच्या सवयीसाठी कन्हानच्या पात्रात जावं असं मनात आलं होतं. आता त्याची गरज आहे का?

उताराचं वाचून मात्र जरा वेळ गप्प बसले. खरं सांगते, मला उताराची भीती वाटते. बारावीत असताना स्कूटीवरून पडले होते, डावं मनगट मोडलं होतं, तेव्हापासून पाय सरकला की हात आधी छातीशी येतो. गेल्या वर्षी त्या ६१ मिनिटांत मी चार ठिकाणी बसून, हात टेकत उतरले. हे मी वर लिहिलं नव्हतं.

सड्यावरचा

गणित अगदी बरोबर. पट्टा मोठा मिळेल, निर्धास्त या. भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रकही एकदा ताडून बघा. नदीत जायची गरज नाही, पावसाळ्यात तर नाहीच. वाळू उपसलेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत.

बसून उतरलात त्यात वाईट काही नाही, आमच्याकडच्या म्हाताऱ्या कडा उतरताना तसंच करतात. मनगटाची भीती असेल तर सायकलवाल्यांचे पातळ हातमोजे घाला. हात टेकला तरी सोलत नाही एवढं कळलं की पाय मोकळे पडतात. आणि शक्य असेल तर दोन दिवस आधी या. शनिवारी संध्याकाळी त्या उताराचा शेवटचा अर्धा किलोमीटर सावकाश चढून, सावकाश उतरून बघा. ओळखीच्या दगडाला माणूस कमी भितो.

विदर्भाचा_पायी

ताई, दोन दिवस आधी जायचं असेल तर विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीट आत्तापासून डोक्यात ठेवा, डिसेंबरच्या सुट्टीत गर्दी असते.

एकटीचा प्रश्न आम्ही सोडवतो. दर रविवारी आम्ही सात-आठ जण सेमिनरी हिल्सवर असतो, त्यात तीन बाया आहेत, एक तुमच्याच भागातल्या. पावणेसहाला उजाडता उजाडता जपानी गार्डनच्या फाटकाशी भेटतो, अंधारात आत कोणीच जात नाही. संपल्यावर तर्री-पोहे.

या रविवारी पाऊस नसला तर या. पहिल्या दिवशी धावायचं नाही. मी खाली उभा राहतो, तुम्ही वरून चालत या, हात मोकळे सोडून, सहा वेळा. पडल्या तर गवतावर पडाल, जागा मी पाहून ठेवली आहे.

अंबाझरी_पहाट

येते. हातमोजे आज संध्याकाळी सीताबर्डीत बघते.